तांडेलाची स्टेशन वॅगन

कोल्हापूरहून निघताना माझ्या पिशवीत दोन दिवसांचं सामान होतं आणि डोक्यात दोन दिवसांचं काम. जायचं, गाडी बघायची, किंमत ठरवायची, ट्रक सांगायचा आणि परत यायचं. आमचा मोटार दुरुस्तीचा लहानसा कारखाना आहे. गाड्यांच्या खालचं काम हे बघतात. गाड्यांच्या वरचं सगळं, म्हणजे गिऱ्हाइकं, सुटे भाग, बिलं आणि वायदे, मी बघते. लग्न झाल्यापासून ह्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या चालत्या करून दिल्या, स्वतःची एकही घेतली नाही. “एक जुनी गाडी घेईन आणि माझ्या हातानं उभी करीन,” असं हे दर दिवाळीला म्हणत. मी मान डोलवून पुढच्या कामाला लागत असे.

त्या पावसाळ्यात मालवणकडे फेऱ्या करणाऱ्या एका ट्रक ड्रायव्हरनं बातमी आणली. कर्लीच्या खाडीकाठी एक विलायती स्टेशन वॅगन गंजत पडली आहे. पुढचं अंग पत्र्याचं, मागचं लाकडाचं. मालक तांडेल, म्हणजे मचव्याचा (शिडाच्या मोठ्या होडीचा) कप्तान, आणि त्याची बायको गाडी विकायला निघाली आहे. त्या दिवशी ह्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. श्रावणात कारखान्यात कामं कमी असतात, म्हणून मी तोच आठवडा धरला आणि एस.टी.ची तिकिटं काढली.

फोंडा घाटात आम्ही ढगात शिरलो. खिडकीबाहेर काही दिसेना, नुसते पाण्याचे आवाज. कुठूनतरी वरून एक ओहोळ येई, बसच्या टपावर ताशा वाजवून जाई आणि पुन्हा पांढरं सगळं. बस जाते आहे की जागीच थरथरते आहे, तेही कळत नव्हतं. मग एका वळणावर ढग संपला आणि खाली कोकण दिसलं. इतकं हिरवं की डोळ्यांना क्षणभर ते खरं वाटेना.

कणकवलीला एक गृहस्थ हळदीच्या पानांची जुडी घेऊन आमच्या शेजारी बसले. कोणाकडे, कशाला, हे त्यांनी पहिल्या मैलातच विचारून घेतलं. गाडी बघायला आलोय म्हटल्यावर ते जरा थांबले.

“तांडेलाची? पण ती गाडी नाय, ती होडी आसा.”

“स्टेशन वॅगन आहे असं ऐकलंय,” हे म्हणाले.

“असात. पण तांडेलाक विचारा.” एवढं बोलून त्यांनी जुडीवर हात ठेवला आणि डोळे मिटले. त्यांना झोप लागली आणि आम्ही मालवण येईपर्यंत काळजीत.

मालवणच्या बंदरावर उतरलो तेव्हा समुद्र गढूळ, तांबूस होता आणि पाण्यातला किल्ला पावसाच्या झडीत कधी दिसे, कधी पुसला जाई. पावसाळ्यात समुद्र बंद असतो. सगळ्या होड्या वाळूवर ओढून, लाकडी ओंडक्यांवर टेकवून, वरून झापांनी (माडाच्या झावळ्या विणून केलेल्या चटयांनी) शाकारलेल्या होत्या. बंदरावर एवढं सामान आणि माणूस कामाला एकही नाही, हे मला बघवेना. मी ह्यांना म्हणाले, आपला कारखाना असा चार महिने ठेवला तर काय होईल. ह्यांनी ऐकलं नाही. हे झापांखाली वाकून होड्यांचे तळ बघत होते.

तिथून बैलगाडी. वाळूचा रस्ता, दोन्ही बाजूंना माड, मधूनच डाव्या हाताला खाडीचं पाणी. वाडी आली तेव्हा पाऊस उघडला होता. काठावर झापांचे उंचवटे ओळीनं मांडलेले. आम्ही गाडी शोधत त्या ओळीच्या कडेनं चालत गेलो. शेवटच्या उंचवट्याला एक दिवा होता. मोटारीचा, गोल, काच शाबूत असलेला. तो झापांमधून खाडीकडे बघत होता.

हे तिथंच उभे राहिले. मी झाप उचललं तर आतून एक कोंबडी फडफडत बाहेर आली. मागोमाग वास आला. माशाच्या तेलाचा, जुना, दाट. आणि त्या वासामागून एका पुरुषाचा आवाज आला, “कोण ता?”

पुढच्या आसनावर, सुकाणूमागे, एक सत्तरीचे उघडे, काळे, रुंद खांद्यांचे गृहस्थ पान लावत बसले होते. चक्राला सुंभ गुंडाळलेलं होतं. बाजूच्या आसनावर कांबळं, कंदील, पानाचा डबा. हेच भिकाजी तांडेल. आम्ही नमस्कार केला. ते खाली उतरले नाहीत. दारात आलेल्या पाहुण्याला बसा म्हणतात तसं त्यांनी मागचं दार दाखवलं. आम्ही मागच्या बाकावर जाऊन बसलो. ते पान खाण्यासाठी एका कुशीवर कलले तशी सगळी गाडी हळूच कलली, आणि सावकाश सरळ झाली.

गाडीची हकीकत त्यांनी आम्हांला तिथंच बसून सांगितली. ती त्यांनी रेडीला घेतली. तिथल्या बंदरावर खनिज भरतात. तिथला कोणी गोरा अधिकारी मायदेशी निघाला होता. वाटेत खाड्या, खाड्यांवर पूल नाहीत, म्हणून गाडी तांडेलांनी मचव्यावर चढवून समुद्रातून मालवणला आणली. काही वर्षं ती बंदरावरची माणसं कसालपर्यंत नेत-आणत असे. मग गिअरचा डबा मोडला. त्याचे भाग तेव्हा फक्त गोव्यात मिळत आणि गोव्याची वाट बंद होती. गोवा मोकळा होईपर्यंत गाडी इथं काठावर रुजली होती.

रुजली, पण तांडेलांनी तिला टाकलं नव्हतं. त्यांना सांभाळायचं ठाऊक होतं ते होड्यांना. म्हणून दर वर्षी पावसाआधी गाडी ओंडक्यांवर चढे. तिला वरून झापं, आणि खालून, आतून, बाहेरून मोरीचं (शार्क माशाचं) तेल. बसमधल्या गृहस्थांचं बोलणं आता आम्हांला कळलं.

हे तोवर गाडीखाली गेले होते. मी बाहेर उभी राहून ते सांगतील ते लिहून घेत होते. पत्रा खारानं पापुद्र्यासारखा सुटलेला. इंजिन जाम धरलेलं. टायरांचा चुरा. लाकडाच्या सांध्यांत कुंभारमाशांची मातीची घरं. वहीचं पान भरत आलं तेव्हा ह्यांचा आवाज बदलला. “अगं, मागचे पाटे बघ,” ते आतून म्हणाले. पाटे म्हणजे मागच्या चाकांवरच्या, लोखंडी पट्ट्या एकावर एक रचून केलेल्या कमानी. त्यांच्यात तेल इतकं मुरलं होतं की गंजाचा ठिपका नव्हता. हे बाहेर आले तेव्हा त्यांच्या केसांना वाळू होती आणि चेहरा लहान मुलासारखा झाला होता. सगळी गाडी गेली असली तरी पाटे नवे होते.

घरी गेल्यावर तांडेलांच्या बायकोनं, आनंदीकाकूंनी, आमच्यासमोर आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांचं सांबार ठेवलं. श्रावण होता, मासे नव्हते. त्यांनी त्याबद्दल दोनदा माफी मागितली आणि मी दोनदा वाढून घेतलं. काकू बारीक, चटपटीत, बोलताना हात पदरात न ठेवता मोकळे ठेवणाऱ्या. मला त्या पहिल्या भेटीतच आवडल्या. मी कामाचं बोलणं काढलं. किती घेणार, कधी न्यायची. काकूंनी किंमत सांगितली ती आम्ही धरली होती त्याहून कमी होती. मला संशय आला. इतकी घाई का, म्हणून मी सरळ विचारलं.

हे आणि तांडेल पडवीत होते. काकू माझ्याजवळ सरकून बसल्या.

“गो बाये, माका गाडी इकूची नाय. माका माझो घोव घरात व्हयो.”

मग त्यांनी सांगितलं. मचवा मुलाच्या ताब्यात दिल्यापासून तांडेल घरात झोपत नाहीत. चाळीसएक वर्षं पाण्यावर निजलेला माणूस. इथं भुईवर त्यांना रात्र रात्र डोळा लागेना. एका रात्री उठून गाडीत जाऊन पडले ते तिथंच राहिले. जेवायला घरी येतात, वळून गाडीत जातात. पावसात मध्यरात्री भरतीचं पाणी ओंडक्यांपर्यंत येतं. काकू घरात एकट्या, कंदील मोठा करून खिडकीशी. वाडीतली माणसं हसतात ते वेगळंच. म्हणून गाडीच नको. गाडी गेली की घोव घरी येईल.

मला हिशेब पटला. आम्हांला गाडी हवी, काकूंना नवरा हवा. दोन्ही कामं एका फेरीत.

तांडेलांनी तो हिशेब पडवीतच मोडला. गाडी न्या म्हणाले, माझी ना नाही. पण पुनवेच्या आत नाही. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ घातल्याशिवाय वर काढलेली होडी कोणी खाली ओढत नाही.

“पण तांडेलानू, ही गाडी आहे,” मी म्हटलं.

“माझ्या दारात ती पाण्यातसून इली. माका ती होडीच.”

पौर्णिमेला पाच दिवस होते. आणि गाडी गेल्यावर तुम्ही झोपणार कुठं, हे मी विचारायला नको होतं, पण विचारलं. ते सहज म्हणाले, “मचव्यार. थय बरा हलता.”

काकूंच्या हातातलं भांडं खाली आलं. सगळ्यांचं झाल्यावर मागच्या दारी त्यांनी मला सांगितलं की गाडी देणार नाही. म्हातारा रात्री उठून मचव्याच्या काठावर उभा राहणार, पाय सरकणार. “गाडी बुडणा नाय निदान,” त्या म्हणाल्या. हे मी ह्यांना सांगितलं तेव्हा हे उठून पुन्हा खाडीकाठी गेले. काकू दारातून त्यांच्याकडे बघत राहिल्या. ह्यांचे पाय तेवढे गाडीखालून बाहेर दिसत होते.

“तुझो घोवय त्याच जातीचो, बाये.”

हे गाडी सोडून हलायला तयार नव्हते, म्हणून आम्ही पौर्णिमेपर्यंत थांबलो. आता माझ्याकडे काम नव्हतं. असे दिवस माझ्या आयुष्यात फार आलेले नाहीत. सकाळी पाऊस पडून जाई, मग ऊन येई आणि माडांमधून वाफ उठे. खाडी भरती येताना उलट वाहू लागे, हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. पानं, काटक्या, एखादं पडलेलं फूल समुद्राकडून डोंगराकडे निघालेलं. मी मागच्या बाकावर जाऊन बसे. झापांवर पाऊस आवाज करत नाही, आतून तो कोणी दूरवर चालल्यासारखा ऐकू येतो. तांडेल पुढं बसलेले असत. आम्ही फारसं बोलत नसू. ते कूस बदलत आणि गाडी हले, आणि मला वाटे आपण कुठंतरी चाललो आहोत, पोचायची घाई नाही. काकूंनी पातोळ्या केल्या त्या दिवशी त्यांच्या हळदीच्या पानांचा वास गाडीपर्यंत आला आणि मोरीच्या तेलाचा वास थोडा वेळ हरला.

मी त्यांना एकदा म्हटलं, घरात झोपाळा बांधून घ्या. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं.

“झोपाळो नुसतो फुडे-मागे जाता. समुद्र असो जाता काय?”

त्याच दिवशी दुपारी मला सुचलं. त्यांना गाडी नको होती. त्यांना गाडीखालचे पाटे हवे होते.

हे ह्यांना सांगणं सोपं नव्हतं. मी ह्यांना काठावर घेऊन गेले आणि सांगितलं. मागचे दोन पाटे काढायचे, एक उशाशी, एक पायथ्याशी, आणि त्यांवर तांडेलांची खाट बसवायची. पडवीत, काकूंच्या खोलीच्या भिंतीला लागून. सबंध गाडीच्या लोखंडात शाबूत अशी तीच एक वस्तू होती. पाण्याच्या कडेनं हे लांबवर चालत गेले, एका होडीपाशी थांबले, परत आले. मग म्हणाले, “जॅक नाही. ओंडका आणि पहार लागेल.” त्यावरून मी समजले.

वाडीतले होड्या बांधणारे सुतार, बाबी मेस्त, आले. त्यांना काम समजावलं तेव्हा ते आधी पोटभर हसले आणि मग मापं घेऊ लागले. दोन्ही पाटे उतरवले, गाडीचं मागचं अंग ओंडक्यांवर टेकवलं, मागच्या चाकांचा आस चाकांसकट दोरानं बांधून आत ठेवला. संध्याकाळपर्यंत खाट पाट्यांवर चढली. सगळी वाडी पडवीत जमा. तांडेल येऊन खाटेवर आडवे झाले, या कुशीवरून त्या कुशीवर वळले. खाट तसूभरही हलली नाही. मोटारीचं वजन पेलणाऱ्या कमानी त्या, एका म्हाताऱ्याला काय दाद देणार.

“घट्ट,” तांडेल म्हणाले. पानाचा डबा घेतला आणि गाडीकडे गेले.

थोड्या वेळानं ते तिथूनही बाहेर आले. पाटे काढलेली गाडी आता ओंडक्यांवर दगडासारखी बसली होती. ते वाळूत उभे राहिले, कांबळं काखेत, आणि पलीकडच्या काठाला मुलाचा मचवा शाकारून ठेवला होता त्याच्याकडे बघू लागले. बाकीची माणसं पांगली. काकू माझ्याजवळ आल्या. त्यांनी मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “बाये, आता खाट नाय आणि गाडीय नाय.”

ती रात्र तांडेलांनी पडवीत भिंतीला टेकून बसून काढली. माझाही डोळा लागला नाही.

सकाळी मी ह्यांना उठवून पाटे सोडवायला लावले. एकेक पट्टी काढायची आणि तांडेलांना झोपवून बघायचं. वरच्या लांब पट्टीला हात लावायचा नाही, खालच्या आखूड पट्ट्या कमी करत जायच्या. तांडेल रागावलेले होते, पण हा खेळ त्यांना आवडू लागला. पहिल्या दोन वेळा ते नुसतंच “घट्ट” म्हणाले. तिसऱ्या वेळी खाट जराशी थरथरली. त्यांनी डोळे मिटले.

“ही बंदरातली. होडी नांगरलेली आसा.”

आणखी एक पट्टी गेली. बाबी मेस्त खाटेची पाचर ठोकताना विचारत होते, खंय पोचलास तांडेला. “वेंगुर्ल्याक,” तांडेल म्हणाले, “पण वारो पडलो.” पडवीत हसू पिकलं. काकू हसल्या नाहीत. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

शेवटी दोन्हीकडे एकेकच पट्टी उरली. तांडेल आडवे झाले तशी खाट खाली दबली, वर आली, आणि सगळ्या बाजूंना हळूहळू सैल झाली. बाबी मेस्तांनी पुन्हा विचारलं, आता खंय. तांडेलांनी उत्तर दिलं नाही. मेस्तांनी आणखी एकदा विचारलं, मग हाक मारली. मग वाकून बघितलं आणि आमच्याकडे वळून स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

दुपारचं जेवण आम्ही सगळ्यांनी मागच्या दारी बसून, भांड्यांचा आवाज न करता घेतलं. काकू जेवल्या नाहीत. त्या पडवीत खाटेशेजारी बसून राहिल्या. कोणी अंगणात आलं की दुरूनच हात करत. त्यांनी वाटाणे निवडायला घेतले होते, पण सूप मांडीवर तसंच होतं. पावसाची एक सर आली, गेली. खाट मधूनच हले आणि स्थिर होई. तिन्हीसांजेला तांडेल उठले, खाडीकडे गेले आणि परत आले ते कंदील आणि पानाचा डबा घेऊन. दोन्ही वस्तू त्यांनी पडवीतल्या फडताळात ठेवल्या.

पौर्णिमेला सगळी वाडी समुद्रावर गेली. पाणी निवळलं होतं. सोनेरी कागद लावलेले नारळ, बायकांच्या डोक्यांत अबोलीच्या वेण्या. तांडेलांनी गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे असं गाऱ्हाणं नसतं. देवाशी घरच्या माणसासारखं मोठ्यानं बोलायचं आणि इतरांनी दुजोरा द्यायचा. वाडीच्या होड्या सांभाळ, जाळी भरून पाठव, आणि मग मला अपेक्षा नसताना म्हणाले, “ही आमची गाडी कोल्हापुराक चलली, ती नीट पोचव रे म्हाराजा.” सगळे म्हणाले, “व्हय म्हाराजा.” हे माझ्या शेजारी उभे होते. ह्यांनी डोळे पुसले आणि खारा वारा फार आहे म्हणाले.

घरी नारळीभात झाला. काकूंनी पैसे मोजले नाहीत, नुसते देवापुढे ठेवले.

गाडी जमिनीवरून न्यायची सोय नव्हती. वाळूत ती रुतली असती, आणि मागं तर चाकंही नव्हती. बाबी मेस्तांनी दोन होड्या शेजारी शेजारी ठेवून वर फळ्या आडव्या बांधल्या. वाडीतली माणसं जमली, ओंडक्यांना तेल लावलं आणि होडी उतरवतात तशी ओरडत, थांबत, पुन्हा ओरडत गाडी पाण्यापर्यंत ओढली. भरतीबरोबर निघालो. खाडीतून वर वालावलपर्यंत जायचं आणि तिथं कुडाळचा ट्रक गाठायचा, असं ठरलं होतं. निघताना काकू पाण्यात गुडघ्यापर्यंत आल्या. मी त्यांना विचारलं, झोप लागते ना आता त्यांना.

“तेंका लागता. सारी रात घोरतत, भिंत हलता,” काकू म्हणाल्या. “माकाच निज नाय.” आणि तोंडाला पदर लावून हसल्या. मी त्यांना हसताना तेव्हाच प्रथम बघितलं.

तांडेल वालावलपर्यंत सोबत आले, आणि आले ते चक्रामागे बसून. पुढच्या काचेतून खाडी दिसत होती. होड्यांवरच्या चौघांना ते आतून सांगत होते, डावीकडे घ्या, तिथं उथळ आहे, आणि चक्र फिरवत होते. चक्राला पुढची चाकं वळत होती, फळ्यांवर, नुसतीच. वल्ही मारणारे त्यांचं ऐकत होते. हे त्यांच्या शेजारी बसले होते आणि माझ्या माहितीत प्रथमच कुठल्याही गाडीबद्दल काही न विचारता गप्प होते. मी मागच्या बाकावर. दोन्ही काठांना माड, पाण्यात उलटे माड, मधूनच एखादं कौलारू घर आणि त्याच्यापुढं पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. एका पायरीवर एक बाई कपडे धूत होती. मोटार पाण्यावरून जाताना बघून तिनं हातातलं कापड तसंच धरलं आणि आम्ही दिसेनासे होईपर्यंत धरूनच उभी होती.

मला प्रवासात झोप लागत नाही. कोणाला उतरायचं, कुठं काय न्यायचं, सगळं डोक्यात असतं. पण होड्या सावकाश कलत होत्या, दोघं पुढं बसले होते, मोरीच्या तेलाचा वास आता घरचा झाला होता, आणि मी झोपले. जाग आली तेव्हा आम्ही वालावलच्या काठाला लागलो होतो. लक्ष्मीनारायणाच्या देवळात घंटा वाजत होती आणि तांडेल काचेबाहेर उभे राहून गाडीच्या टपावर हात फिरवत होते. त्यांनी ह्यांना एकच सूचना दिली, दर पावसाआधी मोरीचं तेल. माझ्याकडे बघून म्हणाले, ही झोपली म्हणून गाडी नीट आली. ओहोटीबरोबर त्या होड्या मोकळ्या परत गेल्या. तांडेल एका होडीच्या काठावर बसले होते. घरी खाट तयार होती, म्हणून मला त्यांची काळजी वाटली नाही.

ट्रकवर गाडी चढवणं, घाटात टायर फुटणं, राधानगरीला चहा घेताना त्या वासामुळे हॉटेलवाल्यानं आम्हांला बाहेर बसवणं, हे सगळं झालं आणि आम्ही कोल्हापूरला पोचलो.

दोन दिवसांचं म्हणून निघालेलं काम आठवड्याचं झालं होतं. पुढं ती गाडी उभी करायला ह्यांना काही वर्षं लागली. पत्रा नवा ठोकला, इंजिन दुसरं बसवलं, लाकूड मात्र तेच ठेवलं. मागचे पाटे इथल्या लोहाराकडून घडवून घेतले, चांगले जाड, सगळ्या पट्ट्यांचे. गाडी उत्तम धावते. रविवारी आम्ही तिच्यातून पन्हाळ्याला जातो आणि रस्त्यात माणसं थांबून बघतात. मी मागच्या बाकावर बसून अनेकदा डोळे मिटून पाहिलं आहे. खड्डा आला की गाडी टणकन उडते आणि मी जागी होते. मी ह्यांना पाटे बदलायला सांगत नाही. ती झोप कुठं आहे ते मला माहीत आहे, आणि ती तिथंच असू दे.